यंत्राचीही पारख हवी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य सभेत केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी; वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि माप आणि पारख यांच्याशी माझा आयुष्यभराचा संबंध आहे. दुकानातील मीटरपट्टीवर वैधमापन खात्याची मुद्रा नसेल, तर तो कायद्याने अपराध ठरतो. पट्टी चुकली तर ग्राहकाचे चार पैसे जातात. मग ज्या यंत्राच्या अचूकतेवर एखाद्या माउलीचे आयुष्य अवलंबून आहे, त्याची पारख कोण करतो, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

मॅमोग्राफी म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने घेतलेले स्तनाचे चित्र. हाताला न लागणारी गाठ आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही सूक्ष्म असे कॅल्शियमचे कण त्यात दिसावे लागतात, कारण असे कण काही वेळा कर्करोगाची पहिली खूण असतात. यंत्राची दृष्टी मंदावली, तर ते निसटतात. भगिनी निर्दोष अहवाल घेऊन निश्चिंत मनाने घरी परतते आणि रोग आत वाढत राहतो.

अमेरिकेत २००० साली पहिल्या डिजिटल मॅमोग्राफी यंत्रास मान्यता मिळाली. सुमारे साडेएकोणपन्नास हजार स्त्रियांच्या तेथील अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील व दाट ऊती असलेल्या स्त्रियांमध्ये डिजिटल पद्धत फिल्मपेक्षा सरस ठरली. आपल्या देशात हा रोग तुलनेने लहान वयात आढळत असल्याने हे महत्त्वाचे आहे. परंतु या पद्धतीत एक धोकाही आहे. पूर्वी किरण अधिक पडले की फिल्म काळवंडे आणि चूक तत्काळ कळे. आता संगणक चित्र सावरून घेतो. किरणांची मात्रा वाढली तरी चित्र सुबकच दिसते. म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबता येत नाही, मोजमाप करावेच लागते.

त्यासाठी 'फँटम' नावाचा ॲक्रिलिकचा ठोकळा वापरतात. प्रचलित फँटममध्ये नायलॉनचे ६ तंतू, सूक्ष्म कणांचे ५ समूह आणि गाठींसारख्या ५ चकत्या बसविलेल्या असतात. क्रमाक्रमाने त्या बारीक होत जातात. किमान ४ तंतू, ३ समूह व ३ चकत्या दिसल्या तरच चित्र उत्तीर्ण, असा जुना दंडक आहे. नव्या डिजिटल फँटमची रचना व निकष वेगळे आहेत. ही परीक्षा दर आठवड्यास घेण्याची शिस्त चांगल्या केंद्रांत पाळली जाते. शिवाय चित्र पाहण्याचा पडदा, स्तन दाबणाऱ्या पट्टीचा जोर आणि किरणांची मात्रा याही गोष्टी तपासाव्या लागतात. चित्र टिपणाऱ्या काही फलकांना उष्णता सोसत नाही. आपल्या विदर्भातील उन्हाळा आणि खंडित होणारी वीज लक्षात घेता, वातानुकूलनाची व्यवस्था हा यंत्राचाच भाग मानावा लागेल.

कायदा आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ अशा यंत्रांवर देखरेख ठेवते, आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणी बंधनकारक आहे. तरीही देशातील सुमारे ९१ टक्के वैद्यकीय क्ष-किरण केंद्रे नोंदणीविनाच चालत असल्याचे महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नमूद केले होते. त्यानंतर नोंदणी संगणकीकृत झाली. परंतु दक्षता ही अखेर यंत्र चालविणाऱ्यांची आणि त्यासाठी दान देणाऱ्यांचीही जबाबदारी आहे.

येथे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित सेविकांनी एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. कुहीसारख्या तालुक्यात यंत्राची निगा राखणे शक्य नसेल, तर न तपासलेल्या यंत्रापेक्षा प्रशिक्षित सेविकेचा हात अधिक भरवशाचा, असे मला वाटते.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. यंत्रासाठी देणगी देताना अथवा शिबिर भरविताना आपण तीन गोष्टी पाहाव्यात: मंडळाची अनुमती, दोन वर्षांच्या आतील चाचणीचे प्रमाणपत्र आणि फँटम-परीक्षेची नोंदवही. देणगीतील काही रक्कम वार्षिक देखभालीसाठी राखून ठेवावी. संगमरवरी फलकावर दात्याचे नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. त्याच्या शेजारी शेवटच्या चाचणीची तारीखही लिहिली जावी.