आजची तारीख, आजचा प्रश्न



तासगावच्या आपल्या वर्गात आम्ही एक रीत ठेवली आहे. वर्ग सुरू झाला की फळ्यावर आधी आजची तारीख लिहायची. तिच्याखाली एक प्रश्न लिहायचा, ‘पूर्वी याच तारखेला काय घडले?’ ज्याला ठाऊक असेल त्याने उभे राहून सांगायचे. कुणालाच ठाऊक नसेल, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचे.

काही जण म्हणतात, “जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? आमाला सही शिकवा, हिशेब शिकवा.” म्हणणे रास्त आहे. सही हवी, हिशेबही हवा. पण तारीख ही सुद्धा हिशेबाचीच बाब आहे. कशी ते पाहा.

एखाद्या आजीला विचारले, “तुमचा थोरला कोणत्या सालचा?” तर ती म्हणते, “कोयनेचा भूकंप झाला तवा त्यो पाळण्यात हुता.” आजीचे उत्तर खोटे नाही. पण कचेरीत ते चालत नाही. कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. आजीची आठवण आणि ही तारीख यांची गाठ घाला, म्हणजे थोरल्याचे वय लागलेच!

आपल्यापैकी कितीतरी जणांची जन्मतारीख कागदावर १ जून आहे. एवढी सारी माणसे एकाच दिवशी जन्मली काय? नाही. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नव्हती. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकली. तारीख आपण सांगितली नाही, तर दुसरा कोणी तरी लिहितो. मग जन्मभर तीच आपली.

आता आपल्या गावची तारीख घेऊ. ३ सप्टेंबर. या दिवशी काय घडले?

१९४२ साल. ‘चले जाव’ची चळवळ पेटली होती. सातारा जिल्ह्यात लोक सरकारी कचेऱ्यांवर मोर्चे नेत होते. २४ ऑगस्टला कराडला मोर्चा निघाला. ३ सप्टेंबरला आपल्या तासगावच्या मामलेदार कचेरीवर लोक चालून गेले आणि तिथे तिरंगा फडकवला. पुढे सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि आणखी आठ जण हुतात्मे झाले. लगेच १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळ्या चालल्या. तिथेही माणसे पडली. या चार तारखा ओळीने फळ्यावर लिहिल्या की समजते, कचेरीवर जाणे म्हणजे जिवाशी खेळ होता. तरी लोक गेले.

वर्गात कुणी विचारते, “तासगाव तर सांगली जिल्ह्यात. मग सातारा कसं म्हणता?” प्रश्न चांगला आहे. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला. त्याचे नाव २१ नोव्हेंबर १९६० ला सांगली असे ठेवले. तेव्हा आजोबांच्या जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा सातारा’ असे दिसले, तर कागद खोटा म्हणून टाकून देऊ नका. आधी त्यावरचे साल वाचा.

आता दुसरी तारीख. २६ जानेवारी. सगळे म्हणतील, प्रजासत्ताक दिन, १९५० साल. बरोबर! पण याच तारखेला १९७९ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा अमलात आला. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे, त्याने मागितले तर सरकारने ते दिले पाहिजे, असा तो कायदा. या योजनेमागे वि. स. पागे यांची कल्पना होती. ते विधान परिषदेचे सभापती होते. योजनेचा पहिला प्रयोग कुठे झाला, ठाऊक आहे? आपल्याच तालुक्यात, विसापूरला! १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी पोरे जगवली, त्या मायबहिणींना काम मागण्याचा हक्क म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

एक गंमतही सांगतो. गणपतीचा रथ कोणत्या तारखेला निघतो, असे विचारले तर काय सांगाल? रथ भाद्रपद शुद्ध पंचमीला निघतो. ही झाली तिथी. ती इंग्रजी तारखेवर ठरत नाही. २०२३ साली रथ २० सप्टेंबरला निघाला, तर २०२४ साली ८ सप्टेंबरला. असे का? चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी कमी भरतात. म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात. सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि हिशेब पुन्हा जुळतो. सणाला तिथी धरा, कागदाला तारीख धरा. दोन्ही आपल्याच आहेत.

शेवटी एवढेच सांगणे. कुणी म्हणाले, ‘अमक्या दिवशी असे घडले’, तर लगेच मान डोलावू नका. विचारा, साल कोणते? सांगतो कोण? कुठे लिहिलेले आहे काय? दोन ठिकाणी तेच मिळाले तर वहीत लिहा. त्याच वहीत घरातले जन्म, लग्ने, कर्जाचे हप्तेही तारखेसह लिहून ठेवा.

आता तुम्ही सांगा :

१. तासगावच्या कचेरीवर तिरंगा कोणत्या तारखेला फडकला?
२. सांगली जिल्ह्याचे आधीचे नाव काय होते?
३. रथाची तारीख दरवर्षी का बदलते?
४. तुमच्या घरातली एक खरी तारीख वहीत लिहा. त्या दिवशी काय घडले?