आधी आपले दुखणे : बद्रुद्दीन तय्यबजी यांची वाट



आज मेढ्यात माझ्यासमोर बसलेल्यांत निम्मी मंडळी मुंबईकर दिसताहेत. उन्हाळ्याची सुट्टी आणि गावची जत्रा यांनी तुम्हाला इकडे ओढून आणले आहे. जावळीच्या माणसाला मुंबई काही नवी नाही. गिरणीत राबायला, गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझे वाहायला या खोऱ्यातली पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली. तुमच्यातल्या कित्येकांनी रोज बोरीबंदरला उतरून कामाची वाट धरली असेल. स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर, रस्त्यापलीकडे, कमानींची एक दगडी इमारत दिसते. शाळा सुटली की पोरांचा लोंढा तिच्यातून बाहेर पडतो. त्या फाटकासमोरून आपण हजार वेळा गेलो असू. ती इमारत कोणी बांधली आणि का बांधली, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. आज तेवढेच सांगायचे आहे.

त्या शाळेचे नाव अंजुमन-ए-इस्लाम. 1874 साली ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत कमरुद्दीन तय्यबजी, मुहम्मद अली रोगे ही मंडळी होती. कमरुद्दीन यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन. माझा विषय हे धाकटे भाऊ.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 चा, मुंबईतला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळ खंबायतचे, व्यापारी. वडील मुल्ला तय्यब अली यांनी व्यापारात पैसा मिळवला आणि त्या काळात कोणाच्या डोक्यात सहज येणार नाही असे एक काम केले: मुलांना शिकायला युरोपात पाठवले. समुद्र ओलांडून साहेबाच्या देशात मुलगे धाडायचे म्हणजे धर्म बुडाला, अशी कुजबुज तेव्हा मुसलमानांत होती, तशीच आपल्या ब्राह्मण-मराठ्यांतही होती. मुल्लांनी ती ऐकली नाही. कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांनी मदरशात उर्दू-फारसीचे धडे घेतले, एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकले आणि 1860 साली विलायत गाठली. मध्ये डोळ्यांच्या दुखण्याने परत यावे लागले, पण ते पुन्हा गेले. 1867 साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. त्या कोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

आता त्या वेळच्या मुंबईतला मुसलमान समाज डोळ्यांपुढे आणा. उत्तरेत दिल्ली-लखनौच्या मुसलमानांची राजवट गेली, दरबार मोडला, फारसीचा मान गेला, 1857 नंतर सूड उगवला गेला. मुंबईची गोष्ट वेगळी. इथल्या खोजा, बोहरा, मेमन आणि कोकणी मुसलमानांकडे गलबते होती, पेढ्या होत्या, घरे होती. त्यांची गरिबी पैशाची नव्हती. हायकोर्टात, कचेरीत, युनिव्हर्सिटीत पाहावे तर पारशी दिसत, ब्राह्मण दिसत, प्रभू दिसत, मुसलमान जवळजवळ दिसतच नसत. आणि दख्खनच्या गावोगावी जो मुलाणी, अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार राहत होता, त्याच्याकडे पैसाही नव्हता आणि शाळाही नव्हती. त्याची गोष्ट पुढे येईल.

असा समाज मागे पडतो तेव्हा दोन वाटा नेहमी मोकळ्या असतात. सरकारने आपल्याला दाबले म्हणून आपण मागे राहिलो, असे म्हणायचे ही एक. शेजारचा समाज पुढे घुसला म्हणून आपली जागा गेली, असे म्हणायचे ही दुसरी. दोन्ही वाटांवर टाळ्या मिळतात. बद्रुद्दीन यांनी तिसरी वाट धरली. 1882 साली हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करायला बसला, तेव्हा त्यांनी मुंबई इलाख्यातील मुसलमानांच्या शिक्षणावर साक्ष दिली. मागे पडण्याची कारणे सांगताना त्यांनी आपल्या लोकांचा दोष झाकला नाही. जुन्या विद्येचा आणि गतवैभवाचा अभिमान, इंग्रजी शिक्षणाविषयीची अढी, ते घेतले तर धर्म जाईल ही भीती, ही सारी दुखणी त्यांनी परक्यांच्या चौकशीपुढे उघडी केली. त्याच्या जोडीला सरकारकडे मागणीही ठेवली. आमच्या मुलांना जवळची वाटेल अशी शाळा नाही, ती काढायला हातभार लावा, ही ती मागणी.

मला ही साक्ष फार मोलाची वाटते. आपल्याच माणसांचे दुखणे चार लोकांत बोलून दाखवायला छाती लागते. घरचे म्हणतात, बाहेर कशाला सांगितलेस. बाहेरचे म्हणतात, बघा, यांचेच लोक कबूल करतात. दोन्हीकडून मार खाण्याची तयारी असेल त्यानेच हे करावे.

आणि साक्षीवर हे प्रकरण थांबले नाही. 1880 साली अंजुमनची शाळा सुरू झालीच होती. तिच्यासाठी इमारत हवी होती. बद्रुद्दीन आणि अंजुमनच्या मंडळींनी सरकारकडून जागा मिळवली, समाजातल्या श्रीमंतांपुढे हात पसरले. मार्च 1890 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 1893 मध्ये लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते इमारत खुली झाली. जागा कुठली, ते पाहा. बोरीबंदरचे स्टेशन नुकतेच उभे राहिले होते, एका हाताला महापालिकेची इमारत चढत होती. शहराच्या या नाक्यावर मुसलमान मुलांची शाळा उभी राहिली. गल्लीच्या आड, मशिदीच्या मागे ती गेली नाही. इंग्रजी शिक्षण आणि आपला धर्म एकाच छपराखाली राहू शकतात, हे भिणाऱ्या बापाला सांगायला व्याख्यान पुरत नाही. त्याला ती इमारत दाखवावी लागते.

आता राजकारण. 1885 साली मुंबईत प्रेसिडेन्सी असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली. तिचे पुढारी तिघे: फिरोजशहा मेहता पारशी, काशिनाथपंत तेलंग हिंदू, बद्रुद्दीन मुसलमान. त्या वेळची मुंबई या तिघांना एका दमात ओळखत असे. 1887 च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले आणि बद्रुद्दीन त्याचे अध्यक्ष झाले. काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. भाषणात त्यांनी सरळ विचारले की साऱ्या देशाच्या भल्याचे जे काम आहे, त्यापासून मुसलमानांनी दूर राहावे असे काय कारण आहे?

त्याच डिसेंबरात लखनौला सर सय्यद अहमद खान नेमके उलट बोलले. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे, असा त्यांचा कौल होता. सर सय्यद म्हणजे लहान माणूस नव्हे. अलीगढचे विद्यालय त्यांनी 1875 साली काढले, उत्तरेतल्या मुसलमानांना इंग्रजी विद्येकडे वळवण्यासाठी त्यांनी हयात वेचली. म्हणून हा झगडा सुधारक आणि सनातनी यांच्यातला नव्हता. दोन सुधारकांतला होता. 1888 साली दोघांत पत्रव्यवहार झाला. सर सय्यदांचा आक्षेप असा की काँग्रेस हिंदुस्थानला एक राष्ट्र धरते. बद्रुद्दीन यांचे उत्तर मला आजही शहाणपणाचे वाटते. त्यांचा आशय असा: या देशात अनेक समाज आहेत, प्रत्येकाचे काही प्रश्न त्याचे स्वतःचे आहेत, ते त्याने घरी सोडवावेत. पण काही प्रश्न सगळ्यांचे आहेत, त्यांच्यासाठी एकत्र बसावे. आणि काँग्रेसमध्ये काही मुसलमानांच्या हिताविरुद्ध जात असेल, तर ते आत राहून थांबवता येते, बाहेर राहून नाही.

हे तत्त्व त्यांनी व्यवहारातही आणले. काँग्रेस उद्या गोवधबंदीसारखा ठराव करील, ही भीती तेव्हा मुसलमानांत होती. 1888 च्या अलाहाबाद अधिवेशनात नियम झाला की हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधी एकमताने अथवा जवळजवळ एकमताने ज्या विषयाला हरकत घेतील, तो विषय चर्चेला घ्यायचा नाही. त्यामागे बद्रुद्दीन यांचा आग्रह होता.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्याच वर्षी त्यांनी काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूमसाहेब यांना लिहिलेल्या पत्रात सुचवले होते की मुसलमान इतके दूर गेले असतील तर काँग्रेस निदान पाच वर्षे स्थगित ठेवावी. काहींना यात माघार दिसते. मला त्यात एका माणसाचा घोर दिसतो. आपला समाज एका बाजूला आणि आपली खात्री दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण ज्याने सोसली नाही, त्याने त्यांना भित्रा म्हणू नये. काँग्रेस थांबली नाही, आणि तेही तिच्यावर उलटले नाहीत.

1895 साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. आता जी हकीकत सांगतो ती मराठी माणसाने पाठ करावी अशी आहे. 1897 साली पुण्यात प्लेग, प्लेगचा अधिकारी रँड याचा खून, आणि मागोमाग लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. जुलैच्या अखेरीस टिळकांना मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तिथेही जामीन मिळाला नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज झाला, तो न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे. त्यांनी टिळकांना जामिनावर सोडले.

याआधी चारच वर्षांपूर्वी, 1893 मध्ये, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला होता आणि टिळकांच्या 'केसरी'ने त्या वेळी कोणाची बाजू घेऊन लिहिले, हे बद्रुद्दीन यांना ठाऊक नसणे शक्यच नव्हते. सरकार टिळकांवर खवळलेले होते हेही उघड होते. पण त्यांच्यापुढे प्रश्न होता तो न्यायाचा. गुन्हा शाबीत होण्याआधी माणसाला कोंडून ठेवले आणि पुढे तो सुटला, तर त्याची भरपाई कोण करणार? याचे उत्तर देताना अर्जदाराची जात, धर्म, जुने लेख यांचा संबंध नव्हता. त्यांनी तो येऊ दिला नाही. पुढे टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ती दुसऱ्या न्यायाधीशापुढच्या खटल्यात.

आपल्या समाजाचे भले करणारा माणूस दुसऱ्या समाजाशी कसा वागतो, यावरून त्याची सुधारणा खरी की खोटी हे ओळखावे, असे मी मानतो. त्या कसोटीला बद्रुद्दीन उतरले.

स्त्रियांच्या बाबतीत तर ते आपल्या काळाच्या फार पुढे होते. 1903 साली मुंबईत मुसलमानांची शैक्षणिक परिषद भरली. ती सर सय्यदांनीच सुरू केलेली, आणि अध्यक्ष बद्रुद्दीन. जुना मतभेद गाडून ते त्या व्यासपीठावर गेले आणि तिथून बोलले पडद्यावर. हिंदुस्थानात पडद्याची जी कडक चाल आहे ती धर्माने सांगितलेल्या मर्यादेपलीकडची आहे, असे त्यांनी मांडले. घरात तर त्यांनी आधीच सुरुवात केली होती. मुलींना शाळेत घातले होते, आणि पुढे 1904 मध्ये दोघींना शिकायला इंग्लंडला पाठवले. बापाने मुलग्यांना पाठवले होते, मुलाने मुलींना पाठवले. एका घरात दोन पिढ्यांत एवढी मजल.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. या उजेडात मेढ्याच्या, कुडाळच्या, पाटणच्या मुलाण्याच्या पोराला काय मिळाले? खरे सांगायचे तर त्या वेळी फार थोडे. अंजुमनची शाळा शहरातली, तिचा ओढा उर्दू आणि इंग्रजीकडे. बद्रुद्दीन यांना उर्दू ही मुसलमानांना जोडणारी भाषा वाटे. पण सातारा जिल्ह्यातला मुसलमान घरात दखनी बोलतो आणि शिवारात, बाजारात, तमाशात, वारीत मराठी. त्याच्या बोलीला त्या योजनेत जागा नव्हती. बद्रुद्दीन यांचा हा उणेपणा मी मानतो, आणि त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मानतो. त्यांचे जग हायकोर्ट आणि मुंबईच्या पेढ्यांचे होते.

गावातल्या पोराला दार उघडले ते आपल्याकडच्या माणसांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले, मुसलमान मुलांची राहण्याची सोय केली. योगायोग असा की त्याच वर्षी, 19 ऑगस्टला, बद्रुद्दीन लंडनमध्ये वारले. पुढे 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे मराठा, महार, मुसलमान, सगळ्यांची पोरे एका पंगतीला जेवली. 1927 साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. कर्मवीरांच्या सहकाऱ्यांत इस्माईलसाहेब मुल्ला होते. साताऱ्यातल्या, कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेच्या विधी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. वकिली शिकायला जाणारी जावळीतली मुले-मुली त्या नावाच्या पाटीखालून आत जातात. मुंबईचा पहिला हिंदी बॅरिस्टर मुसलमान आणि साताऱ्याच्या कायद्याच्या कॉलेजचे नावही एका मुसलमानाचे. ही जोड आपल्या जिल्ह्याला भूषणावह आहे आणि ती आपल्या मुलांना माहीत असली पाहिजे.

मंडळी, आज आपण जिच्यासाठी जमलो आहोत त्या व्याख्यानमालेची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केली. बद्रुद्दीन यांचे ते हायकोर्टातले सहकारी. टिळकांच्या जामिनाच्या बाबतीत दोघांचे निर्णय निराळे पडले, तरी दोघांना आपापल्या समाजाचे दुखणे माहीत होते आणि दोघांनी ते उघड बोलून दाखवले.

जत्रा आटोपून तुम्ही मुंबईला परताल. शाळा उघडल्यावर एखाद्या दिवशी आपल्या लेकीला घेऊन बोरीबंदरला उतरा. रस्ता ओलांडून त्या फाटकासमोर दोन मिनिटे उभे राहा आणि ही शाळा कोणी बांधली ते तिला सांगा. आणि गावात राहणाऱ्यांनो, आपल्या आळीतल्या मुलाण्याची, अत्ताराची, कातकऱ्याची, धनगराची पोरगी दहावीनंतर घरी बसली असेल, तर या जूनमध्ये तिचा प्रवेशअर्ज भरून द्यायला तुम्ही स्वतः जा.