टीव्हीला जोडायचा संगणक : काय घ्यावं, काय टाळावं

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



गेल्या रविवारी इथेच आपण २००१ सालच्या पहिल्या गणेशोत्सवाचं चित्रीकरण पाहिलं. आरतीत झांजा वाजवणारे आपले पहिले खजिनदार काका दिसले आणि मागे कोणीतरी हुंदका दिला. काकांना जाऊन आता बारा वर्षं झाली. कार्यक्रम संपल्यावर पाच-सहा जणांनी मला विचारलं, "हे कशावर लावलंस? आम्हालाही घरी करायचंय." म्हणून सचिवांनी हा विषय दिला. जेवण तयार आहे, तेव्हा लांबण लावत नाही.

आधी त्या कॅसेटची गोष्ट. सोसायटीच्या सगळ्या कॅसेटी तळमजल्यावरच्या एका घरात, पलंगाखालच्या पेटीत असायच्या. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं तेव्हा ती पेटी पाण्यात गेली. ही एकच कॅसेट वाचली, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती पाहायला नेली होती आणि परत द्यायची राहिली होती. काकू, त्या वेळी तुम्हाला दोनदा तगादा लावला होता. आज सर्वांसमक्ष माफी मागतो!

वाचलेली कॅसेटही लावायची कशावर? व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. शेवटी उल्हासनगरला लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका जुन्या स्टुडिओत चालू व्हीसीआर मिळाला. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरवायला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. फितीला बुरशी लागलेली असेल तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी, नाहीतर फीत तुटते आणि व्हीसीआरचं हेडही खराब होतं.

आता मुद्द्यावर येतो. टीव्हीला संगणक जोडायची गरज प्रत्येकाला नाही. फक्त मालिका, क्रिकेट आणि ओटीटी बघायचं असेल तर स्मार्ट टीव्ही पुरेसा आहे. किंबहुना संगणकाच्या ब्राउझरमधून ओटीटीचं चित्र बरेचदा टीव्हीतल्या अॅपपेक्षा कमी दर्जाचं येतं. पण घरात लग्नाची कॅसेट, बारशाच्या डीव्हीडी, दहा मोबाइलमधले व्हिडिओ असतील आणि ते सगळ्यांनी एकत्र बसून पाहावेत असं वाटत असेल, तर हा खटाटोप करावा.

सुटे भाग घ्यायला मी लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे माणूस हमखास गरजेपेक्षा जास्त घेऊन येतो. मीही आलो. गेम खेळणाऱ्यांचं मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं. घरी चालू केल्यावर आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर कोणी लावलाय?" ते कार्ड आठवड्यात काढलं. त्यातून शिकलो ते असं.

प्रोसेसर : व्हिडिओ दाखवायला ताकद फार लागत नाही. प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स पुरतं. फक्त तो एचईव्हीसी प्रकारचे व्हिडिओ सहज उलगडतो ना, हे विचारून घ्या, कारण हल्लीचे बरेच मोबाइल त्याच प्रकारात चित्रीकरण करतात. इंटेलचा एन १०० सारखा सहा वॅटचा छोटा प्रोसेसर हे काम आरामात करतो. तो बसवलेले तयार छोटे संगणक मिळतात, काही तर पंख्याशिवायचे.

मेमरी आणि डिस्क : रॅम ८ जीबी. संगणकाच्या प्रणालीसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि व्हिडिओसाठी वेगळी हार्ड डिस्क. हिशोब सांगतो. मिनी डीव्ही टेपचा एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी, पूर्ण भरलेली साधी डीव्हीडी ४.७ जीबी. म्हणजे दोन तासांच्या टेपा आणि तीस डीव्हीडी मिळून १७० जीबीच्या आत. बाकी सगळं मोबाइलचं. बहुतेक घरांना २ टीबी भरपूर होते.

आवाज : पंखा घ्यायचाच तर मोठा, १२ सेंटीमीटरचा घ्या. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, म्हणून घरघर कमी. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधून टीव्ही युनिट करून घेणार असाल तर मागची फळी जाळीची करायला सांगा. बंद कपाटात संगणक तापतो.

टीव्ही : आपल्या हॉलमध्ये सोफा ते भिंत आठ-नऊ फूट. पडद्याच्या तिरप्या मापाच्या दीड ते दोन पट अंतर डोळ्याला बरं वाटतं, म्हणजे ५० ते ५५ इंच बसतो. पण एक लक्षात ठेवा. जुन्या चित्रीकरणात फार तर ५७६ ओळी असतात आणि फोर केच्या पडद्यावर २१६०. टीव्ही जितका मोठा तितकं जुनं चित्र धूसर. जुनंच जास्त पाहणार असाल तर ४३ इंचही उत्तम. आणि जुनं चौकोनी चित्र पूर्ण पडदाभर ताणू नका. दोन्ही बाजूला काळे पट्टे राहू देत. रविवारी पहिली पाच मिनिटं ताणलेलं होतं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मी इतका जाड कधीच नव्हतो."

एचडीएमआय : फोर के चित्र सेकंदाला साठ वेळा हवं असेल तर संगणक, केबल आणि टीव्ही तिन्ही ठिकाणी एचडीएमआय २.० लागतं. एकही जुनं असलं की चित्र तीसवर येतं.

वाहिन्या : पूर्वी संगणकात ट्यूनर कार्ड घातलं की केबल दिसायची. २०१२ पासून आधी मुंबईत आणि मग टप्प्याटप्प्याने आपल्याकडे सेट टॉप बॉक्स आले, आणि ते कार्ड निरुपयोगी झालं. आता केबल आणि डीटीएचचा बॉक्स टीव्हीच्या वेगळ्या एचडीएमआय खाचेत जोडायचा. बिनखर्चाची वाट म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. एकदा छत्री बसवली की महिन्याचं भाडं नाही, आणि सह्याद्री वाहिनी दिसते.

वीज : आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते. हार्ड डिस्क लिहीत असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, दहा मिनिटं मिळाली तरी संगणक नीट बंद करता येतो. आणि प्लगचं अर्थिंग तपासून घ्या.

चालवायला कोडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. वर्षांप्रमाणे फोल्डर केले की रिमोटवर चार बटणांत काम होतं. माझी कसोटी सोपी आहे : मी घरी नसताना आईला स्वतःचा व्हिडिओ लावता आला, तर मांडणी बरोबर.

पैसे कमी असतील तर कुठे वाचवायचे? प्रोसेसरवर वाचवा, टीव्हीच्या इंचांत वाचवा. दोन ठिकाणी मात्र वाचवू नका. एक, बाहेरचे चांगले स्पीकर. पातळ टीव्हीचे स्पीकर बारीक आणि बहुधा खाली तोंड केलेले, त्यातून जुना, खरखरता आवाज कळत नाही. आपल्याला तर माणसाचा आवाजच ऐकायचा असतो. दोन, दुसरी हार्ड डिस्क. तिच्यावर सगळ्याची प्रत काढायची आणि ती दुसऱ्या घरी ठेवायची : लेकीकडे अंबरनाथला, भावाकडे डोंबिवलीला, कुठेही. तळमजल्यावर नको आणि पलंगाखाली तर नकोच.

२००५ ला आपलं चित्रीकरण वाचलं ते एक वस्तू चुकून दुसऱ्या घरी होती म्हणून. ही चूक यापुढे आपण ठरवून करू या. कार्यकारिणीने सोसायटीसाठी दोन हार्ड डिस्क मंजूर केल्या आहेत. एक कार्यालयात राहील, दुसरी दरवर्षी वेगळ्या सभासदाकडे, नोंदवहीत सही करून. ज्यांच्या माळ्यावर कॅसेटी, टेपा असतील त्यांनी नाव-वर्ष लिहून पुढच्या रविवारी आणाव्यात. तो स्टुडिओवाला अजून दोन महिने व्हीसीआर देणार आहे.

पहिली डिस्क सांभाळायला मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं नाव सुचवतो. परत मागायला कोणी येणार नाही, काकू!