दीड तासाचें व्रत



आषाढांत माउलींची पालखी फलटणचा मुक्काम आटोपून पंढरीकडे जाते आणि पाठोपाठ चातुर्मास लागतो. कांदेनवमीस कांद्याचीं भजीं पोटभर खाऊन एकादशीपासून कांदा, लसूण व वांगें वर्ज्य करणारीं घरें आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपल्या गांवची जैन मंडळी याच काळांत पर्युषणाचे उपवास करितात. वसई-गोव्याकडील ख्रिस्ती बांधव राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, ४० दिवसांचा उपवासकाळ पाळितात. २६ फेब्रुवारी २०२० रोजीं, या काळाच्या आरंभीं, पोप फ्रान्सिस यांनीं भाविकांस सांगितलें कीं, दूरचित्रवाणी व मोबाईल बाजूस ठेवण्याचा हा समय आहे. समाजमाध्यमांचा तात्पुरता त्याग हें आतां व्रताचें एक नवें अंग झालें आहे. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

कांदा सोडणें सोपें आहे. शेजारच्या घरांतील फोडणीनें आपलें व्रत मोडत नाहीं. मोबाईलचें तसें नव्हे. शाळेची सूचना, भिशीची तारीख, मयताची वार्ता, सारें त्याच पडद्यावर येतें. एकट्यानें तो मिटला कीं तो मनुष्य गांवांत राहून गांवाबाहेरचा होतो, आणि चार दिवसांत निमूटपणें परत फिरतो. दोष त्याच्या निग्रहाचा नसतो. जें व्यसन सर्वांनीं मिळून जडवून घेतलें, तें एकट्यानें सुटत नाहीं.

शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांचे वडगांव या खेड्यानें हें वर्म ओळखलें. करोनाच्या साथींत शाळा बंद पडल्या व धडे मोबाईलवर आले. पुढें शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना; वडील माणसेंही मालिकांत गुंतलेलीं. सरपंच विजय मोहिते यांनीं रोज सायंकाळीं दीड तास सारेच पडदे बंद ठेवण्याची कल्पना मांडली, तेव्हां पुरुषांनीं ती हंसण्यावारी नेली. स्त्रियांनीं मात्र उचलून धरली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, तिचा अंमल सुरू झाला. सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजे, कीं घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी-संच बंद होत. साडेआठला पुन्हां भोंगा वाजे. प्रारंभीं अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक यांना दारोदार फिरून लोकांचीं मनें वळवावीं लागलीं. हळूहळू मुलें वाचूं लागलीं, मोठीं माणसें एकमेकांशीं बोलूं लागलीं.

दीड तासानें काय होणार, असें कोणी विचारील. साडेआठनंतर तोच मोबाईल हातीं येतो, हें खरें. परंतु कार्तिकी एकादशीनंतर कांदाही खाल्लाच जातो. म्हणून चातुर्मास फुकट गेला असें कोणी म्हणत नाहीं. व्रताचा हेतु वस्तु नाहींशी करण्याचा नसतो. ती आपल्या ताब्यांत आहे कीं आपण तिच्या, याची पारख करण्याचा असतो. अवधि ठरलेला असला म्हणजे दुबळें मनही धीर धरतें. मोकळ्या झालेल्या वेळांत मात्र दुसरें कांहीं घालावयास हवें. नाहीं तर हात पुन्हां खिशाकडे जातो.

सारें फलटण एका भोंग्यावर चालणें अवघड आहे. पण एखादी आळी, एखादी इमारत इतकें तरी ठरवूं शकेल. येत्या चातुर्मासांत रोजचा एक तास नेमावा. अडीअडचणीच्या निरोपासाठीं एका घरचा फोन चालूं ठेवावा. आणि मुलांना सांगण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं आपला मोबाईल प्रथम फडताळांत ठेवावा. पडद्यावरची नजर न काढतां बाप मुलाला अभ्यास कर म्हणतो, तेथें मूल बापाचें ऐकत नाहीं. त्याचें पाहून शिकतें.