पोळ्या लाटायला कॉलेज कशाला?

बी.ए.ला मी मराठी, समाजशास्त्र यांच्या जोडीला गृहअर्थशास्त्र घेतले, तेव्हा पारशिवनीच्या आमच्या घरी माझे हसूच झाले. बाबा म्हणाले, "पोया लाटाले कॉलेज कायले पायजे वं?" मला उत्तर सुचले नाही. हा विषय उभा करणाऱ्या एलन रिचर्ड्स रसायनशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांच्या अध्यक्षतेखाली १८९९ मध्ये अमेरिकेत पहिली परिषद भरली, हे पुस्तकात होते. पण ते बाबांना काय सांगणार?

आईला तेव्हा दळण घेऊन आली की दाराशीच बसावे लागे. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी रक्त वाढेना. आहारशास्त्राच्या तासाला कळले, की चहातले टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. आणि आई गोळी घ्यायची ती रोज सकाळी चहाबरोबर!

नर्सबाईंना विचारून मी गोळी दुपारवर नेली, लिंबाच्या सरबतासोबत. 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. चहा दोन तास लांब ठेवायचा, यावर आई फार कुरकुरली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८ वरून साडेदहावर आले.

बाबांनी तपासणीचा कागद उलटसुलट पाहिला. मग हळूच म्हणाले, "मंग माही बीपीची गोळी कायसंग घ्याची?"