अन्नाची देवघेव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेजारणीची वाटी रिकामी परत करावयाची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालावयाची, ही आपली जुनी रीत. पण अन्नाची देवघेव मनुष्याच्याही आधीपासून चालत आलेली आहे.

मुंगीचेच पाहा. तिच्या पोटात स्वतःच्या जठराखेरीज आणखी एक पिशवी असते, ती वारुळासाठी. भुकेली मुंगी मिशांनी स्पर्श करून मागते आणि त्या पिशवीतला घास तिला तोंडातून तोंडात मिळतो. तेथे हिशेब नाही, कारण सारे वारूळ एकच कुटुंब!

अमेरिका खंडातील रक्त शोषणाऱ्या वटवाघळांची रीत याहून निराळी. दोन-तीन रात्री उपास घडला की हा जीव मरतो. जेरल्ड विल्किन्सन या शास्त्रज्ञाने कोस्टा रिकात पाहिलेली हकीकत १९८४ साली प्रसिद्ध केली: पोट भरून आलेली मादी उपाशी सोबतिणीला आपल्या पोटातले रक्त पाजते. पुढे २०१३ साली असे दिसून आले की, देताना नात्यापेक्षाही ‘हिने पूर्वी मला दिले होते’ याला अधिक वजन असते.

मनुष्याने या देवघेवीत मानापमानाची भर घातली. कोणाच्या हातचे घ्यावे, यावर जाती उभ्या राहिल्या. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून केवढे वादळ उठले! रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले.

आणि आपण बायका? माझ्या लहानपणी दिवाळीत आमच्या आळीतून फराळाची ताटे फिरत. टोकाच्या घरी एक विधवा बाई राहत. त्यांच्याकडे ताट कधी गेले नाही. भांडण नव्हते, कोणी वावगे बोलतही नसे. हळदीकुंकवाचे बोलावणे नाही, म्हणून वाण नाही. आणि कोणी काही देत नाही, म्हणून त्यांनी परत द्यावे तरी काय? पूर्वी दिलेल्यालाच द्यावयाचे म्हटले, तर अशा बाईची पाळी कधी यावी?

म्हणून माझी एक सूचना आहे. या दिवाळीत प्रत्येकीने एक ताट अशा घरी न्यावे, जेथून आपल्याकडे आजवर काही आलेले नाही. मोलकरणीहाती पाठवू नये. स्वतः जावे, घटकाभर बसावे, आणि त्या घरचे पाणी पिऊन यावे. देणे सोपे असते, भगिनींनो. तिच्या हातचे घेणे, हीच खरी बरोबरी.