दान आणि हक्क : आफ्रिकेतील मुलांच्या शिक्षणाचा लढा



आफ्रिकेतील मुलांचे हक्क व शिक्षण यांसाठी तेथील लोकांनी स्वतः चालविलेल्या कार्यासंबंधी मी आज चार शब्द बोलावेत, अशी सभेच्या चालकांनी मला आज्ञा केली. विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात असा प्रश्न उभा राहिला असेल की, आपल्याच मुलांच्या फीची भ्रांत असताना सातासमुद्रापलीकडील आफ्रिकेची उठाठेव आपण का करावी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो.

मी तिसरीत असताना आमच्या गावी एका धनिक गृहस्थांनी गरीब मुलांना वह्या वाटल्या. आम्हां मुलांना रांगेत उभे केले, जातीचे नाव पुकारून एकेकाला व्यासपीठावर बोलावले आणि वही हातात ठेवताना छायाचित्र काढले. वही चांगली होती. तिच्यात मी पाढे लिहिले. परंतु त्या दिवशी खाली गेलेली मान वर यावयास मला पुष्कळ वर्षे लागली. पुढे विधि महाविद्यालयात गेल्यावर मी घटनेचे ४५ वे कलम वाचले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण मिळावे यासाठी झटण्याची जबाबदारी त्या कलमाने राज्यावरच टाकलेली होती. ते वाचताना माझ्या मनात आले की, ज्या गोष्टीसाठी मी मान खाली घातली ती मुळात कुणाची मेहेरबानी असावयासच नको होती. मुलाच्या हातात वही पडली एवढ्याने काम संपत नाही. ती कोणत्या नात्याने पडली, हेही पाहावे लागते.

हाच प्रश्न आफ्रिकेतील लोकांनी गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या रीतीने सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे. ते ५४ राष्ट्रांचे खंड आहे. परंतु जगापुढे त्याचे चित्र येते ते बहुधा एकच : पोट खपाटीला गेलेले मूल आणि त्याच्यापुढे आलेला परक्याचा हात. त्या मुलाच्या मागे त्याची आई, त्याचे शिक्षक आणि त्याचा गाव उभा आहे, हे त्या चित्रात दिसत नाही. मला आज त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम केनिया देशाकडे वळू. ब्रिटिश अमदानीत तेथील शिक्षण बहुतांशी मिशनऱ्यांच्या हाती होते. १९२९ साली मिशनऱ्यांचा आणि किकुयू लोकांचा मोठा झगडा झाला आणि त्यातून किकुयू लोकांनी आपल्या स्वतंत्र शाळा काढल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा शेतकऱ्यांनी वर्गणी दिली, स्वतःच्या हातांनी वर्ग बांधले आणि आपल्यातूनच शिक्षक निवडले. शिक्षकांची वाण पडू लागली तेव्हा १९३९ साली गिथुंगुरी येथे त्यांनी शिक्षक तयार करणारे महाविद्यालय उघडले. पीटर म्बियू कोइनांगे हे त्याचे संस्थापक. पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनीही त्याची धुरा वाहिली. १९५२ साली सरकारने आणीबाणी पुकारली आणि महाविद्यालयासह या शाळांवर टाच आणली. भिकेवर चाललेल्या शाळेची कोणत्याही राजसत्तेला भीती वाटत नाही. लोकांनी स्वतःच्या पैशावर चालविलेल्या शाळेची वाटते. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु सत्य पूर्ण सांगितले पाहिजे. १९२९ चा तो झगडा कशावरून झाला? मुलींची सुंता करण्याची जी क्रूर चाल किकुयू समाजात होती, तिचा त्याग करण्याची शपथ घ्या, असा मिशनऱ्यांनी शिक्षकांना आग्रह धरला, आणि लोकांना तो आपल्या समाजावरील आघात वाटला. त्यांना उच्च शिक्षणाची आस होती, आपल्या जमिनी गेल्याचा संताप होता, हे सारे खरे; परंतु एका अन्याय्य रूढीचा अभिमानही त्यात मिसळलेला होता, हे नाकारता येणार नाही. तात्पर्य, एखादे कार्य आपल्या माणसांनी चालविले एवढ्यावरून ते न्यायाचे ठरत नाही. परक्याच्या दयेपासून मूल सुटले आणि घरच्या रूढीच्या दावणीला बांधले गेले, तर त्याच्या पदरात काय पडले? ही क्रूर चाल केनियातून कायद्याने निषिद्ध करणारा सर्वंकष कायदा २०११ साली झाला. तोपर्यंत किती मुलींच्या पिढ्या गेल्या, याचा हिशेब आपण मनाशीच करावा.

रूढीच्या या दावणीला हात घालणारी माणसेही त्याच भूमीत निपजली आहेत. शेजारच्या टांझानियात १९७१ च्या विवाह कायद्याने मुलाच्या लग्नाचे किमान वय अठरा ठरविले होते. मुलीला मात्र आईबापांच्या संमतीने पंधराव्या वर्षी बोहोल्यावर चढविता येत असे. रेबेका ग्युमी या तरुण वकील भगिनीने या कायद्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या संस्थेचे नाव मसिचाना इनिशिएटिव्ह; स्वाहिली भाषेत मसिचाना म्हणजे मुलगी. २०१६ साली उच्च न्यायालयाने ती कलमे घटनाबाह्य ठरविली. सरकारने अपील केले. २०१९ साली सर्वोच्च अशा अपील न्यायालयानेही ग्युमी यांच्याच बाजूने निकाल देऊन एका वर्षात कायदा सुधारण्याचा हुकूम केला. ते वर्ष उलटून गेले, तरी संसदेने कायदा सुधारला नाही! मी वकील आहे. निकालपत्राचे मोल मी जाणतो. परंतु निकालपत्र हा हक्काचा जन्मदाखला होय. मूल वाढविण्याचे काम त्यानंतर उरतेच. ज्या गावातील लोक मुलीच्या बापाच्या दारात जाऊन, "हिला शाळेतून काढू नका," असे सांगतात, त्या गावात तो निकाल जिवंत होतो. इतरत्र तो दप्तरात पडून राहतो.

पुन्हा केनियाकडे येतो. १९६३ साली तो देश स्वतंत्र झाला आणि 'हरांबे' हा शब्द राष्ट्राचे घोषवाक्य बनला. हरांबे म्हणजे सर्वांनी मिळून ओढणे. या नावाने खेडोपाडी लोकांनी माध्यमिक शाळा उभारल्या. पुढील दहाबारा वर्षांत त्यांची संख्या सरकारी माध्यमिक शाळांहूनही अधिक झाली. कुणी पैसा दिला, ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्याने अंगमेहनत दिली. हे थोर कार्य होते. परंतु त्याचीही एक उणीव होती. जेथे लोक सुस्थितीत होते तेथे शाळा भक्कम झाल्या. जेथे दारिद्र्य होते तेथे भिंती उभ्या राहिल्या आणि आत शिकविण्यास शिकलेला शिक्षक मिळेना. शिवाय या शाळांना फी होती. ज्या गरिबाने डोक्यावरून विटा वाहिल्या, त्याच्याच मुलाने फीअभावी त्या भिंतीबाहेर उभे राहावे, असेही घडू लागले. २००३ साली केनियाच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली, तेव्हा शाळेतील मुलांची संख्या सुमारे ५९ लाखांवरून एकदम ७२ लाखांवर गेली. ही वाढलेली मुले त्यापूर्वी कोठे होती? ती दारापर्यंत आलेली होती. दार लोटण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांनी स्वतः हातभार लावावा हे योग्यच आहे. परंतु त्या हातभाराच्या आड सरकारने आपली जबाबदारी लपविता कामा नये. आपण वर्गणी देतो ती राज्याला कर्तव्यातून मुक्त करण्यासाठी नव्हे. कर्तव्याची मागणी करण्याचे बळ आपल्या अंगी यावे, यासाठी देतो.

याचे उत्तम उदाहरण दक्षिण आफ्रिकेत सापडते. ज्या देशात १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना हलक्या कामापुरतेच शिक्षण द्यावयाचे ठरविले, ज्या देशात १६ जून १९७६ रोजी सोवेटोच्या रस्त्यावर शाळकरी मुलांनी गोळ्या झेलल्या, त्याच देशाच्या १९९६ च्या घटनेने मूलभूत शिक्षणाचा हक्क प्रत्येकास दिला. तरीही २०१२ साली लिंपोपो प्रांतातील शाळा जानेवारीत उघडल्या आणि कित्येक महिने मुलांच्या हाती पाठ्यपुस्तके पडली नाहीत. अशा वेळी दयाळू माणसांकडून जुनी पुस्तके गोळा करून वाटता आली असती. परंतु त्या प्रांतातील शाळांशी संबंधित असलेल्या लोकांनी 'बेसिक एज्युकेशन फॉर ऑल' नावाची संस्था स्थापन केली आणि वकिलांच्या साह्याने सरकारला न्यायालयात खेचले. बहुतेक पुस्तके पोचविली आहेत, थोडी राहिली असतील, असा सरकारचा बचाव होता. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो बचाव फेटाळला. प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रत्येक विषयाचे नेमलेले पुस्तक, तो विषय शिकविण्यास प्रारंभ होण्यापूर्वी मिळाले पाहिजे, असा तो निकाल आहे.

बंधूंनो, यातील 'प्रत्येक' या शब्दाकडे लक्ष द्या. दान शंभरातील नव्वद मुलांना मिळाले तर दात्याची वाहवा होते. हक्क शंभरातील एकाला जरी मिळाला नाही तरी तो हक्कभंग होतो. महाडला एखाद्या दयाळू माणसाने हंडाभर पाणी आणून दिले असते, तर आपल्या लोकांची तहान भागली असती. चवदार तळ्यावरचा हक्क सिद्ध झाला नसता. दान आणि हक्क यांतील भेद याहून अधिक मी काय समजावून सांगणार?

आता सर्वांत कठीण प्रकरण सांगतो. मॉरितानिया या देशात गुलामगिरी वंशपरंपरेने चालत आलेली आहे. गुलामाच्या पोटी जन्मले ते मूल गुलाम. १९८१ साली ती रद्द झाल्याचे सरकारने जाहीर केले, परंतु गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरला तो २००७ साली. या प्रथेविरुद्ध झगडण्यासाठी १९९५ साली 'एसओएस एस्क्लाव्ह' नावाची संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी बुबकर मसूद हे गुलाम कुटुंबात जन्मले आणि शिकून वास्तुशास्त्रज्ञ झाले. त्यांचे सहकारी अब्देल नासर हे गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मलेले होते. २०११ साली गुलामीतून निसटलेल्या दोन लहान भावांचे प्रकरण या संस्थेने हाती घेतले. मालकाच्या घरची मुले शाळेत जात; ही दोन मुले पहाटेपासून राबत आणि त्यांना शाळा वर्ज्य होती. देशातील न्यायालयाने मालकाला दोन वर्षांची शिक्षा दिली आणि तो काही महिन्यांतच जामिनावर बाहेर आला.

संस्थेने हार मानली नाही. आफ्रिकी राष्ट्रांनी १९९० साली मुलांच्या हक्कांची व कल्याणाची एक सनद संमत केली असून ती १९९९ पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती म्हणजे मूल. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे. आणि मुलाच्या हक्काशी विसंगत असेल ती रूढी त्याज्य मानावी, असे ती सनद सांगते. या सनदेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जोडीने हे प्रकरण नेण्यात आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये समितीने मॉरितानियाच्या सरकारला दोषी ठरविले. हिरावून घेतलेल्या हक्कांत समितीने शिक्षणाचा हक्कही गणला. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या समाजात शाळेचे दार आणि दास्याची बेडी यांचा संबंध किती जवळचा आहे, हे या सभेतील वडीलधाऱ्या मंडळींना सांगण्याची आवश्यकता नाही.

मग बाहेरून येणारी मदत घ्यावयाचीच नाही काय? असे मी म्हणत नाही. झिंबाब्वेमध्ये १९९३ साली कॅम्फेड या संस्थेने ३२ मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचलला. संस्थेची संस्थापिका ब्रिटिश, पैसाही प्रथम बाहेरचा. परंतु १९९८ साली शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी आपला संघ स्थापन केला. या संघातील तरुणी पुन्हा गावच्या शाळेत जातात, मागे पडलेल्या मुलीला हात देतात आणि शाळा सोडू पाहणारीच्या घरी जाऊन आईबापांची समजूत घालतात. त्या पहिल्या ३२ मुलींपैकी अँजेलिन मुरिमिरवा या पुढे त्या संपूर्ण संस्थेच्या मुख्य अधिकारी झाल्या. काल जिची फी दुसऱ्याने भरली, ती आज कुणाची फी भरावयाची हे ठरविते! ज्या मदतीने घेणारा कायमचा घेणाराच राहतो, ती मदत त्याला पांगळा करते. ज्या मदतीने घेणारा उद्याचा चालक होतो, ती परक्याकडून आली तरी आपलीच होते.

माझ्या भाषणाच्या प्रारंभी जो प्रश्न घेतला होता, त्याचे उत्तर आता आपणच देऊ शकाल. आपल्या वस्तीतही मुलांसाठी निधी जमतो. तो वाटताना तीन गोष्टी पाहा. हिशेबाची वही कुणाच्या हाती आहे? ज्या मातांची मुले शिकत आहेत त्यांपैकी कुणी त्या समितीत बसते काय? आणि सरकारकडून जे हक्काने मिळावयाचे आहे त्यासाठी आपण अर्ज, तक्रार आणि प्रसंगी न्यायालय यांचा मार्ग धरतो, की निधी आहे म्हणून गप्प बसतो? यांबरोबर चौथी गोष्ट घरातली आहे : मुलगी आणि मुलगा यांच्या वह्यांत आपण फरक करतो काय?

आणि एक विनंती. वही देताना मुलाचे छायाचित्र काढू नका, त्याला व्यासपीठावर बोलावू नका. ती त्याच्या बाकावर ठेवा आणि सांगा, "ही तुझी आहे." त्या मुलाची मान ताठ राहील.

 जय भीम.